गळ्यातली सवत

चंद्राबाईच्या गळ्यात तिची सवत होती.

घाबरू नका, जिवंत नव्हे. खरी सवत, तानुबाई, बाळंतपणात गेली होती, पोटातल्या लेकरासकट. तिच्यामागं हैबतरावानं चंद्राबाईशी रीतसर लग्न लावलं. पण पहिलीच्या जागी दुसरी आणायची तर पहिलीचा मान ठेवावा लागतो. बाईचं चित्र उठवलेला धातूचा एक टाक घडवायचा आणि तो दुसरीनं मांडवातच मंगळसूत्राबरोबर गळ्यात घालायचा. मग मरेस्तोवर काढायचा नाही. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा. रोज सकाळी कुंकवाचं बोट आधी टाकाला, मग आपल्या कपाळाला. एवढं केलं की गेलेली शांत राहते आणि चालत्या संसारात पाय घालत नाही. भरे गावात असे टाक घातलेल्या बायका आणखीही होत्या आणि त्याचं कुणाला नवल नव्हतं.

चंद्राबाईचा टाक जुन्या ढब्बू पैशाएवढा होता आणि तसाच जाड. लग्नात त्यावर तानुबाईचं नाक, डोळे, कपाळावरचा आडवा कुंकवाचा पट्टा, सगळं होतं म्हणे. आता सतरा-अठरा वर्षं बोट फिरून फिरून तो गुळगुळीत झाला होता. सासू जिवंत असताना एकदा म्हणाली होती, "मेलीला कशाला पायजे सोनं? पितळंबी चालतं." तेव्हापासून चंद्राबाई तो पितळेचाच धरून चालली. चुलीपुढं, जनावरांच्या शेणात, भाताच्या चिखलात, सगळीकडं तो तिच्याबरोबर असायचा. मळला तर राखेनं घासायचा. पितळ राखेनंच घासतात.

तिचं खरं सोनं निराळंच होतं. लग्नात हैबतरावानं तिला पुतळ्यांची माळ घातली होती. चांगली छातीवर रुळणारी, पिवळीधमक. तिच्या माहेरच्या सगळ्या उरवड्यानं तोंडात बोट घातलं होतं. तिचा बाप गरीब माणूस. त्यानं त्या माळेकडं पाहून डोळे पुसले होते. तो ती कुणाला दाखवायला गेला नाही. मुलाकडचं सोनं मुलीच्या बापानं पारखायचं नसतं, तो अपमान होतो. चंद्राबाई ती माळ दिवाळीच्या पाडव्याला आणि संक्रांतीला घालायची. घालून झाली की मऊ धडप्यानं पुसायची, लाल फडक्यात गुंडाळायची आणि तांदळाच्या कणगीत खोल खुपसून ठेवायची. शेजारची गोजराबाई म्हणायची, "आगं, सोन्याला काय हवा लागून सर्दी हुतीया व्हय? घाल की रोज!" चंद्राबाई हसायची आणि घालायची नाही.

तशी ती मुळात बडबडी पोर. पण हैबतराव दोन घरांना पुरेल एवढं एकटाच बोलायचा, आणि तो बोलायला लागला की त्याला मध्ये कुणी बोललेलं खपत नसे. मारझोड नव्हती, शिवीगाळ नव्हती. फक्त तिचं बोलणं कुणाला लागत नव्हतं. न लागणारी वस्तू गंजते, तसं झालं. हळूहळू तिला राग यायचा थांबला, मग रडू यायचं थांबलं. बसून बसून पायाला मुंग्या येतात आणि मग पाय आपला वाटत नाही, तसं तिच्या सगळ्या जिवाचं झालं होतं. ती बोलायची ती फक्त टाकाशी. सकाळी कुंकू लावताना पुटपुटायची, "ताई, आज वाफा लावायचाय. ताई, म्हस आटली बग." तिकडून उत्तर यायचं नाही. पण तिकडून "तुला काय कळतंय" असंही कधी आलं नाही.

हौसा तेवढी या घरात मोठ्यानं हसायची. चंद्राबाईची एकुलती एक पोर. तिला नेरे गावचं स्थळ आलं. मुलाचं नाव जयसिंग. बघायला आला तेव्हा हौसाच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला, तर हा गडी मोठ्या माणसांसमोर खुशाल आपल्या उपरण्यानं जमीन पुसायला लागला. आत जाऊन हौसा तोंडाला पदर लावून इतकी हसली, की चंद्राबाईला वाटलं, पोरीचं इथंच व्हायला पाहिजे. कित्येक वर्षांत तिला काही व्हायला पाहिजे असं वाटलं नव्हतं.

मुलाला आई नव्हती. कारभार सगळा आत्याकडं, लीलाबाईकडं. ती बैठकीत पुरुषांच्या बरोबरीनं येऊन बसली आणि सुपारी कातरत म्हणाली, "माजं बोलनं कडू लागंल, पन आत्ताच ऐकून घ्या. थोरल्या सुनंच्या टायमाला आमी पिवळं बघून भुललो. सहा म्हयन्यात त्या पिवळ्याचं तांबडं झालं. गावात तोंड दाखवायची चोरी झाली. पोरगी माघारी धाडली. मला ढीग नगं. नखाएवढं द्या, पन खरं द्या. आईच्या गळ्यातलं लेकीच्या गळ्यात, ह्यो आमचा रिवाज. साखरपुड्याला आमचा सोनार संगं येनार आन समद्यांम्होरं कस घेनार. खोटं निघालं तर आमी उठनार. राग येत असंल तर बोला."

राग कसला! हैबतराव मांडीवर थाप मारून हसला. "घ्या की कस! धा सोनार आना! हैबतरावाच्या घरात खोटं निघालं तर मिशी उतरून ठिवीन. पुतळ्याची माळ हाय आमच्यात. बघताल तर डोळं दिपतील."

पाव्हणे गेल्यावर चंद्राबाई म्हणाली, "माळंचा दोरा इरलाय. पौडाला सोनाराकडनं उजाळाबी करून आनते."

"कायबी गरज न्हाई," तो पाठ फिरवून म्हणाला. "हाय तशी झळकतीया. मी बगतो काय करायचं ते."

एरवी ती तिथंच थांबली असती. पण दोरा खरंच विरला होता. भर मांडवात माळ तुटली, पुतळ्या पाव्हण्यांच्या पायांत घरंगळल्या, तर किती अवलक्षण! हौसाचं काम होतं म्हणून ती पहिल्यांदा नवऱ्याला खरं न सांगता बाहेर पडली. बाजारच्या दिवशी गोजराबाईबरोबर बांगड्या भरायला जाते म्हणाली. माळ कमरेला खोचलेली होती.

पौडाच्या बाजारात गोजराबाईला कासाराकडं बसवून ती दत्तू सोनाराच्या ओसरीवर गेली. दत्तू म्हातारा झाला होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि स्वभाव म्हणाल तर कायम दाढ दुखत असल्यासारखा. त्यानं माळ हातावर घेतली, वर-खाली झुलवली आणि कपाळाला आठी घातली.

"उजाळा करायचाय?"

"व्हय. आन नवा दोरा. लेकीला द्यायचीया."

त्यानं काळा गुळगुळीत कसाचा दगड पुढं ओढला आणि एक पुतळी त्यावर घासली. दगडावर पिवळी रेघ उमटली. चंद्राबाईनं मान हलवली. पण म्हाताऱ्यानं तीच पुतळी त्याच जागी धरून पुन्हा घासली, जोर लावून, खसाखस. या वेळची रेघ जरा लालसर होती. मग त्यानं कुपीतला तेजाबाचा एक थेंब काडीनं रेघेवर सोडला. रेघ हिरवट झाली, तिला फेस आला आणि दगडावर काही राहिलं नाही. त्यानं दुसरी पुतळी घेतली. तिसरी घेतली. मग कानस काढून एकीची कड उघडी केली आणि तिच्यापुढं धरली. आत तांबडं होतं.

"तांबं हाय वैनी. वरनं सोन्याचा मुलामा. दिलाय मात्र झकास, करनारा हुशार असला पायजे. रोज घातली असती तर वर्सात उगडी पडली असती." त्यानं चष्मा काढून पुसला. "तुमी लईच जपली."

"समद्या?"

"समद्या."

चंद्राबाई दगडाकडं बघत राहिली. तिथं तीन ओले डाग होते. खरं तर अशा वेळी बाईनं कपाळ बडवून घ्यावं, निदान म्हाताऱ्याला खोटं पाडावं. तिच्याकडून यातलं काही झालं नाही. तिनं वाकून पुतळ्या गोळा करायला घेतल्या. वाकताना चोळीतला टाक बाहेर लोंबला आणि दगडाच्या कडेवर आपटला.

दत्तू सोनारानं मान वर केली. आयुष्यभर त्यानं असले आवाज ऐकले होते.

"ते काय हाय गळ्यात?"

"ही व्हय? ही आमची ताई. सवत. पितळंची हाय."

"कोन म्हनलं पितळंची?"

"सासूबाई म्हनायच्या."

"आन तुमाला काय डोळं न्हाईत?" म्हातारा खेकसला. "पितळ इतकी वर्सं घामात ऱ्हायलं तर गळा हिरवागार पडतोय. तुमचा पडला कदी?"

चंद्राबाईनं गळ्यावर हात नेला. गळा कधीच हिरवा पडला नव्हता. ही एवढी साधी गोष्ट, आणि ती रोज त्या टाकाला हात लावत होती, तरी तिच्या डोक्यात आली नव्हती.

"काढा, बगू द्या."

"काढायची नसती. आन कसालाबी लावायची नसती. तिला खरचटतं म्हनत्यात."

दत्तूला चाल ठाऊक होती. तो कुरकुरत उठला, दगड घेऊन तिच्यासमोर बसला. ती गुडघ्यावर पुढं झुकली. टाक गळ्यातच राहिला आणि म्हाताऱ्यानं कसाचा दगड तिच्या गळ्याशी धरला. "ताई, वाईच सोस," ती हळूच म्हणाली. त्यानं चेहऱ्याची बाजू सोडून नुसती कड घासली. रेघ उमटली. त्यानं तिच्यावर तेजाब सोडलं, थोडा वेळ थांबला, पुन्हा सोडलं. रेघ जशीच्या तशी होती, पिवळी आणि ओली.

"बावनकशी," दत्तू म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "ह्या कसाचं सोनं मी पुष्कळ दिवसांत बगितलं न्हाई. वैनी, तुमच्या अंगावर खरं येवढंच हाय."

परतीच्या वाटेवर गोजराबाईचं तोंड एकसारखं चालू होतं. कासारानं नव्या पैशाच्या हिशोबात कसं गंडवलं, हौसाच्या सासरी सासू नाही म्हणजे पोरीचं नशीब कसं उघडलं, आणि लीलाबाई कशी करवतीसारखी बाई आहे. मध्येच ती थांबली. "काय गं, भूत बगितल्यावानी गप का?"

"कुटं काय."

"मग बांगड्या का न्हाई भरल्यास?"

"ऱ्हायलं," चंद्राबाई म्हणाली. वाटेत नदीला थोडं पाणी होतं, त्यातून ती लुगडं वर न धरताच चालत गेली. पलीकडं आल्यावर गोजराबाईनं सांगितलं तेव्हा तिला कळलं की काठ भिजलाय.

हैबतराव खळ्यावर दोर वळत बसला होता. गडी कोंडीबा, डोंगरातल्या वाडीवरचा, वर्षानुवर्षं त्यांच्याकडं राबणारा माणूस, विहिरीवर पाणी आणायला गेला होता. चंद्राबाईनं माळ नवऱ्यापुढं टाकली.

"तांब्याची हाय."

त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकतंय का. मग म्हणाला, "जाऊ नगं म्हनलं व्हतं ना तुला?"

"आन ताई सोन्याची हाय."

यावर मात्र त्याचा हात थांबला. मिशी उतरवून ठेवणारा हा माणूस, पण टाकाचं नाव निघाल्यावर त्यानं नकळत देवळाच्या दिशेनं बघितलं. "हळू बोल. तुला काय कळतंय? बाळातपनात गेली व्हती ती. तसली बाई हडळ हुती. पितळ घालून फसवलं असतं तर सोडती व्हय ती मला? घरातलं एक मानूस ठिवलं नसतं. घरात सोनं येवढंच व्हतं. ते तिला घातलं."

"आन मला?"

"तुला काय!" तो म्हणाला. "तू जित्ती व्हतीस. तू कुटं जानार व्हतीस?"

हे त्यानं टोचून म्हटलं नाही, बरं का. टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. म्हशीला वैरण लागते, पावसाळ्यात छप्पर गळतं, अशा आवाजात तो बोलला आणि पुन्हा दोर वळायला लागला. मग त्यानं पुढचंही सांगून टाकलं. "हौसाची काळजी करू नगं. मी काडलंय समदं डोक्यात. साखरपुड्याच्या वक्ताला सांगायचं, माळ चोरीला गेली. चोरीला कुनाचा इलाज हाय? कोंडीबा घरात येतो-जातो. आपन त्याचं नाव घ्यायचं न्हाई. लोकंच घेत्याल. पाव्हनं सोयरीक मोडायचं न्हाईत, उलट कीव करतील."

तेवढ्यात कोंडीबा घागर घेऊन आला. त्यानं तांब्या भरून आधी तिच्यापुढं धरला. "घ्या वैनी, लई उनातनं आलाव." तिनं पाणी प्यायलं आणि तांब्या परत दिला.

त्या दिवशी तिनं भाकरी केल्या, जनावरांच्या धारा काढल्या, हौसाची वेणी घातली. हौसा विचारत होती, "आये, माळ घातल्यावर मी कशी दिसंन?" चंद्राबाई म्हणाली, "ग्वाड दिसशील." ती आतून शोधून बघत होती, कुठं काही दुखतंय का. सतरा-अठरा वर्षं एका माणसानं आपल्याला तांबं घातलं आणि मेलेलीला सोनं. दुखायला पाहिजे होतं. पण नव्हतं दुखत. फक्त एक गोष्ट तिला दिसत होती: साखरपुड्याला नेऱ्याची माणसं उठून चाललीत, किंवा लोक कोंडीबाकडं बघायला लागलेत, आणि दोन्ही वेळा हौसा हसायची थांबलीय.

दुसऱ्या सकाळी कुंकू लावताना तिनं टाकावर बोट जरा जास्त वेळ ठेवलं. "ताई," ती म्हणाली, "हौसाला तुजी गरज हाय."

राहिलेल्या बांगड्यांचं निमित्त काढून ती पुन्हा पौडाला गेली. दत्तू सोनार ऐकेना. "सवत हाय ती! मोडायची नसती. तुमी गेल्यावर तुमच्याबरोबर जायची, न्हाईतर देव्हाऱ्यात बसायची. उद्या घरात काय वाईट-वंगाळ झालं तर माज्या नावानं खडं फोडशीला."

"न्हाई फोडायची."

"मालकाला इचारलं?"

"ती माज्या गळ्यात हाय. त्यांच्या न्हाई."

म्हाताऱ्यानं टाक उजेडात धरला. चष्मा वर-खाली केला. "न्हाई नाक, न्हाई डोळं. कुंकू लावून लावून तुमीच पुसलीया हिला."

"मग तर मोडा."

तिनं दोरा डोक्यावरून काढला. काढताना केसांत अडकला, तो तिनं सावकाश सोडवला. दत्तूनं मुशीत टाक टाकला आणि हात जोडले. मग फुंकणीनं निखारे फुलवले. चंद्राबाई समोर बसून बघत होती. टाकाची कड आधी वाकली, मग तो मऊ झाला आणि शेवटी मुशीच्या तळाशी एक थरथरता पिवळा थेंब राहिला. त्यात ना तानुबाई होती ना कुणी. संध्याकाळच्या आत म्हाताऱ्यानं त्याच्या पाच पुतळ्या पाडून काळ्या रेशमात ओवून दिल्या. जास्त होण्याइतकं सोनं नव्हतं.

घरात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पदर जरा वर घेतला की झालं. आणि हैबतरावाची नजर तिच्या गळ्याकडं जायचं तसं काही कारणच नव्हतं. तो गेली कित्येक वर्षं तिकडं बघतच नव्हता.

साखरपुड्याला नेऱ्याहून चांगल्या दोन बैलगाड्या भरून माणसं आली. लीलाबाई, जयसिंग, आणि त्यांचा सोनार, पिशवीत कसाचा दगड घेऊन. ओसरी भरली. कोंडीबानं घोंगड्या अंथरल्या, पाणी फिरवलं आणि खांबाला टेकून कौतुकानं हौसाकडं बघत उभा राहिला; त्यानंच तिला लहानपणी खांद्यावर घेऊन शेतात फिरवलं होतं. सुपाऱ्या फुटल्या. मग लीलाबाई म्हणाली, "आना आता आईच्या गळ्यातलं."

हैबतरावानं घसा खाकरला. चेहरा पाडला. हे त्याला छान जमायचं. "पाव्हनं, येक वंगाळ गोष्ट सांगायची हाय. सांगायला जीब रेटत न्हाई..." असं म्हणत त्यानं सहज बघितल्यासारखं खांबाकडं बघितलं.

"आनलंय," चंद्राबाई म्हणाली.

ती पुरुषांच्या बैठकीत कधी बोलली नव्हती. त्यामुळं सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. ती पुढं आली आणि लीलाबाईच्या हातावर तिनं पाच पुतळ्या ठेवल्या. "माळ म्हनला व्हता ह्यांनी. माळ न्हाई. पाचच हायेत. पन खऱ्या हायेत. माज्या गळ्यातल्या हायेत."

हैबतरावाचं तोंड उघडं ते उघडंच. नेऱ्याच्या सोनारानं दगड मांडला, पुतळी घासली, थेंब सोडला. सगळी ओसरी वाकून बघत होती. हौसा दाराआडून डोकावत होती. रेघ हलली नाही. त्यानं दुसरी घासली, मग उगाच पाचवीही घासली. मग तो लीलाबाईकडं वळून म्हणाला, "आत्याबाई, आपल्या घरातबी असं सोनं न्हाई."

"पाचच?" एक म्हातारा पाव्हणा कुरकुरला.

"तुमी गप बसा," लीलाबाई म्हणाली. "मी नखाएवढं मागितलं व्हतं." तिनं हौसाला पुढं घेतलं आणि स्वतःच्या हातानं रेशीम तिच्या गळ्यात बांधलं. जयसिंग आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघून हसत होता. कोंडीबानं मोठ्यानं "बेस झालं!" म्हटलं आणि लाजला.

हैबतराव मात्र आता चंद्राबाईच्या गळ्याकडं बघत होता. मंगळसूत्राखाली, टाकाच्या दोऱ्याच्या जागी एक फिकट वळ होता, बाकी काही नाही. गर्दी जेवायला बसल्यावर तो तिला गोठ्याच्या कोपऱ्यात घेऊन गेला.

"ती कुटं हाय?"

"हौसाच्या गळ्यात."

"मोडलीस? तानूला मोडलीस?" आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला शब्द सापडत नव्हते. "अगं, ती यील आता! मला न्हाई सोडायची!"

"न्हाई यायची," चंद्राबाई म्हणाली. "ती नेऱ्याला निगालीया." आणि ती पाव्हण्यांना भात वाढायला गेली.

लग्न पार पडलं. हौसा गाडीत बसताना रडली, गोजराबाई तिच्याहून जास्त रडली, हैबतरावानंही उपरणं डोळ्यांना लावलं. चंद्राबाई कोरडी होती. गोजराबाई दुसऱ्या बायकांना म्हणाली, "बाई हाय का धोंडा!" चंद्राबाईनं ते ऐकलं. तिला ते खोटं वाटलं नाही. हौसाच्या गळ्यात पाच पुतळ्या हलत होत्या, गाडी चढण चढून दिसेनाशी झाली, आणि ती मांडवातली खरकटी भांडी गोळा करायला आत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आंघोळ केली, लुगडं नेसलं, कुंकवाच्या करंड्यासमोर बसली. टाक मोडल्यापासून साखरपुड्याच्या आणि लग्नाच्या धांदलीत ती घाईघाईनं नुसतं कपाळाला कुंकू टेकवायची, नाहीतर कुणीतरी लावून जायचं, कधी गोजराबाई, कधी पाव्हण्या बायका. आज ती एकटी होती. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि रोजच्यासारखं गळ्याशी नेलं.

"ताई, पोर गेली बग," ती म्हणाली.

बोट गळ्यावर टेकलं. तिथं नुसती कातडी होती, ऊबदार, दोऱ्याच्या वळाशी जरा खडबडीत. तिनं बोट इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, जसं काही टाक चोळीत सरकलाय. आणि मग तिला तानुबाई आठवली. जिला तिनं कधी बघितलंच नव्हतं, जिचं नाक-डोळे तिनंच आपल्या बोटानं पुसून टाकले होते, आणि जी या घरात इतकी वर्षं एकटीच तिचं ऐकत होती. चंद्राबाई रडायला लागली. हुंदके देऊन, आवाज काढून, बाप गेल्यावरही ती अशी रडली नव्हती.

हैबतराव दारात येऊन उभा राहिला. साखरपुड्यापासून तो घाबरून असायचा, घरात पाय हळू टाकायचा. बायकोला असं रडताना बघून त्याला हायसं वाटलं. हे त्याला कळण्यासारखं होतं.

"रडू नगं," तो म्हणाला. "नेरं काय लांब न्हाई. हौसा यील की आखाडात माहेराला."

चंद्राबाईनं मान हलवली. गळ्याला लागलेलं कुंकू तिनं पुसलं नाही. बोटाला राहिलेलं तेवढं कपाळाला लावलं आणि चुलीकडं गेली.